करावे गावचा गेममास्तर

मिथुन तांडेल पहिल्यांदा आमच्या खोलीत आला तो आम्हाला हाकलायला. त्याला त्याच्या आईनं पाठवलं होतं.

करावे गावात, सीवूड्स स्टेशनवरून चालत जाता येईल एवढ्यावर, तांडेलांचं चार मजली घर आहे. नव्या शहरासाठी शेत गेल्यावर मिथुनच्या वडिलांनी, नामाशेठनी, ते बांधलं. खाली स्वतः राहायचं, वरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या. नामाशेठ गेल्यापासून घराचा कारभार गोजरामावशींच्या हातात आहे, म्हणजे मिथुनच्या आईच्या. तिसऱ्या मजल्यावर माझ्या ऑफिसातला ऋषी राहायचा, आणि रविवारी दुपारी आम्ही चार-पाच जण त्याच्याकडे खेळायला जमायचो.

आमचा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना तो समजावून सांगणं अवघड जातं. एक जण गोष्ट सांगतो, त्याला गेममास्तर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी तलवारबाज, कुणी चोर, कुणी वैदू. पुढं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासा टाकून बघायचं. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट मात्र महिनोन् महिने चालू राहते. आता एवढ्या गोष्टीत आरडाओरडा होतोच. दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडानं मावशींकडे तक्रार केली की वर मारामाऱ्या चालतात.

मिथुन दारात उभा राहिला आणि दार भरून गेलं. अंगानं आडवा, गळ्यात जाड साखळी, आणि आवाज असा की साधं ‘काय रे’ म्हटलं तरी समोरचा सावरून बसावा. द्रोणागिरीला कंटेनरच्या एका यार्डात तो गेटवर सुपरवायझर होता. हिवाळ्यात आजूबाजूच्या गावांत टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा सुरू झाल्या की माईक त्याच्या हातात. उरणपासून बेलापूरपर्यंत त्याच्या कॉमेंट्रीला मागणी असायची. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी आम्ही फक्त घाबरलो.

“फासं हायत,” तो जमिनीकडे बघून म्हणाला. “जुगार हाय का? आमचे घरान जुगार नाय चालनार.”

“नाही हो दादा,” ऋषी घाईघाईनं उठला. “गोष्टीचा खेळ आहे. पैशांचा काही संबंध नाही.”

“मंग बोंबलताव कनाला?”

“किल्ल्याच्या दरवाज्यावर अडकलोय. पहारेकरी आत सोडत नाहीये.”

“कोन पहारेकरी?”

“मीच. म्हणजे त्याचं मी बोलतो.” आणि ऋषीनं बोलून दाखवलं, “थांबा! कृपया आपली ओळख सांगा.”

मिथुन त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आरं, गेटवरचा मानूस असा बोलत नाय. मी रोज गेटवर असताव ना.”

“मग तुम्हीच व्हा पहारेकरी,” ऋषी म्हणाला. बहुतेक सुटका करून घ्यायला म्हणाला असावा. पण मिथुननं प्लास्टिकची खुर्ची ओढली, बसला, आणि आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू आम्ही खरोखरच गाडी घेऊन रांगेत उभे आहोत.

प्रियदर्शिनी आमच्यातली सगळ्यात बोलघेवडी. तिनं थाप मारली की आम्ही राजाकडे भाजी घेऊन चाललेले व्यापारी आहोत.

“गारी दाखव.”

तिनं गाडी दाखवली.

“भाजीचे गारीन तलवारी कनाला?”

“वांगी कापायला,” मी म्हणाले.

“वांगी आत जातील. तलवारी इकरं ठेवायच्या. आनि तुमचा सायब कोन? त्याला इकरं बोलव.”

आम्ही गयावया केली, दमदाटी केली, राजाचं खोटं पत्र दाखवलं. त्यानं पत्रावरचा शिक्का वाकडा असल्याचं सांगितलं. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. त्या दुपारी आम्ही किल्ल्यात गेलोच नाही. शेवटी खालून मावशींची हाक आली, “मिथुन! वर जाऊन झोपलास काय?” तेव्हा तो दचकून उठला.

पुढच्या रविवारी तो न बोलावता आला. बरोबर बायको होती, मनस्वी, आणि तिच्या हातात तळलेल्या बोंबलांचा डबा. मनस्वी नेरूळला एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची. ती म्हणाली, “हे आठवडाभर तुमच्या किल्ल्याचंच बोलतात. म्हटलं बघू तरी काय आहे.” त्या दिवसापासून दोघंही आमच्यातले झाले.

वर्षभरानं ऋषीची हैदराबादला बदली झाली. जाताना त्यानं नियमांची जाडजूड पुस्तकं आणि फाशांची थैली मिथुनच्या हातात ठेवली. “दादा, आता तुम्ही सांगा गोष्ट.”

“माजं इंग्लिश गेटपासपुरतं हाय रे.”

“गोष्ट इंग्लिशमध्ये सांगा असं कोण म्हणतंय?”

ऋषीची खोली मिथुननं आईला पटवून रविवारच्या खेळासाठी तशीच ठेवली. मनस्वी रात्रीचं जेवण झालं की त्याला पुस्तकातला एकेक भाग वाचून दाखवायची आणि अर्थ सांगायची. त्याला जे पटलं ते त्यानं ठेवलं, जे लक्षात राहिलं नाही ते सोडून दिलं. पुस्तकातले बर्फाचे डोंगर आणि ड्रॅगन त्यानं पहिल्याच दिवशी बाहेर काढले. त्याचं राज्य खाडीत होतं. तिथं भरती आली की रस्त्यांचे ओढे व्हायचे आणि बाजार होड्यांवर चढायचा. मिठागरांच्या मधोमध राजवाडा होता, आणि खाडीच्या तळाशी एक म्हातारा जिताडा मासा राहायचा, होडीएवढ्या तोंडाचा, ज्याला माणसांची नावं पाठ होती. एखाद्याला गिळण्याआधी तो त्याला नावानं हाक मारायचा.

आणि सांगायचा कसं! सगळं मैदानावरच्या कॉमेंट्रीसारखं. “आनि प्रियदर्शिनीन भाला उचललेला हाय... जिताडा वलला... पानी फुटला... ह्यो भाला सुटला हवेत, उंच, उंच, कोन हाय त्याचे खाली? कोन नाय!” फासा जमिनीवर गडगडत असताना तो श्वास रोखायचा, आणि आम्हीही. माझं सगळं घर साताऱ्याकडचं, त्यामुळे त्याच्या बोलीतले काही शब्द मला सुरुवातीला कळायचे नाहीत. पण भीती कळायची.

आता ऑनलाइन ग्रुपबद्दल सांगायला हवं. हा खेळ खेळणाऱ्या देशभरातल्या मराठी लोकांचा एक मोठा ग्रुप आहे. मी त्यात बरीच वर्षं आहे आणि मला तो आवडतो. कुणी इंचभर उंचीच्या बाहुल्या रंगवून त्यांचे फोटो टाकतं. कुणी नवा माणूस बिचकत एक प्रश्न विचारतो आणि दहा अनोळखी लोक आपलं काम सोडून त्याला पानभर उत्तरं लिहितात. पण त्याच ग्रुपात भांडणाला निमित्त लागत नाही. एखाद्या नियमातल्या ‘किंवा’वरून लोक आठवडाभर एकमेकांचा उद्धार करतात. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, ते जन्माचे वैरी असल्यासारखे बोलतात, आणि आठवड्यानं त्यातलेच दोघं मिळून तिसऱ्याशी भांडत असतात.

प्रियदर्शिनीनं मिथुनला विचारून त्याच्या गोष्टीचा एक छोटा व्हिडिओ तिथं टाकला. भाल्याचाच होता. पहिल्या दिवशी कौतुक झालं. पुण्याहून एकानं विचारलं, या टेबलावर, म्हणजे तुमच्या टोळीत, जागा आहे का? मिथुननं ते मनस्वीला वाचायला लावलं, परत एकदा लावलं.

दुसऱ्या दिवशी ‘वज्रदंत’ नावाच्या कुणीतरी लांबलचक लिहिलं. व्हिडिओत कुठं कुठं नियम चुकले ते ओळीनं मांडलं होतं. कुठला फासा टाकायला हवा होता, भाला एवढ्या लांब जाऊच शकत नाही, पाण्यात लढताना काय वजा करायचं. खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं बरोबर होतं. पण शेवटी त्यानं एक वाक्य लिहिलं होतं, ‘ही गावची मॅच आहे, गेम नाही.’

लोकांना तेवढंच हवं होतं. मिथुनच्या तोंडासमोर माईक लावलेले स्टिकर निघाले. कुणी त्याच्या ‘हाय’ची नक्कल करून आवाज टाकला. ग्रुपातल्या बऱ्याच जणांनी तर मूळ व्हिडिओ पाहिलाही नव्हता. ते फक्त हसणाऱ्यांबरोबर हसत होते.

मिथुननं यार्डातल्या केबिनमध्ये बसून सगळं वाचलं. आम्हाला काहीच बोलला नाही. त्या रविवारी निरोप आला, घसा बसलाय. पुढच्या रविवारी तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, हातात नियमांचं पुस्तक घेऊन.

“तुम्ही सर्व जण मिठागराच्या काठावर उभे आहात,” तो म्हणाला. “समोर... समोर एक होडी आहे.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो ‘आहे’ म्हणत होता. ‘आणि’ म्हणताना ‘ण’पाशी अडखळत होता. दर फाशाला पुस्तक उघडायचा, बोट ठेवून ओळ शोधायचा, मनस्वीला हळूच अर्थ विचारायचा. तोवर होडी नुसतीच समोर उभी. प्रियदर्शिनीला जांभई आली आणि तिनं ती दाबली, पण त्यानं ती पाहिली.

“आज इतकंच,” त्यानं पुस्तक मिटलं आणि तो खाली निघून गेला.

मनस्वी मागं थांबली. “आंघोळ करताना ‘आहे, आहे’ म्हणून बघतात,” ती म्हणाली. “मला ऐकू येतं.”

प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती भडकली. तिनं ग्रुपवर लिहिलं की स्वतःच्या भाषेत खेळणाऱ्या माणसाला तुम्ही गप्प केलंत, शाब्बास. तिनं फार चांगलं लिहिलं होतं. एवढं चांगलं की ग्रुप उलटला. काल स्टिकर पाठवणारे आज भाषेच्या अभिमानावर बोलायला लागले. सगळ्यांना आता वज्रदंत हवा होता. कुणीतरी त्याचे जुने मेसेज उकरून त्याचं खरं नाव शोधलं, शिवतेज. मग फोटो आला, मग वाशीतल्या त्याच्या ऑफिसचं नाव, आणि ‘याच्या साहेबाला मेल करा’ असा सल्ला. शेवटी कुणीतरी त्याच्या वडिलांचा फोटो टाकला, घाऊक मार्केटात पाठीवर गोणी घेतलेला. खाली लिहिलं होतं, ‘बाप हमाल आणि पोरगा दुसऱ्याला गावठी म्हणतो.’ त्याच्यावर हसणाऱ्यांची रांग लागली.

मी ते मिथुनला दाखवलं तेव्हा वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. त्यानं फोटो बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

“ह्यो त्याचा बापूस काय?”

“हो.”

“त्यानं काय केला?”

त्यानं माझ्याच फोनवर बटण दाबून धरलं आणि बोलायला लागला. ग्रुपात सगळे लिहितात, आवाज सहसा कुणी टाकत नाही.

“नमस्कार मंडली. मी मिथुन तांडेल, करावे गाव. ज्याचे व्हिडिओवरून ह्यो सगला चाललाय, तो मीच. ह्या पोरान माजे खेलाला नावा ठेवली. मना वाईट वाटला. पन तो खेलाला बोलला. तुमी त्याचे बापाला बोलताव. मैदानान अंपायर चुकला तर पब्लिक बोंबलतंय, बोंबलू दे. पन अंपायरचे घरी कोन जात नाय. कोन जायला निंगला तर मी माईक खाली ठेवून पहिला त्याला आरवा जाईन. ते फोटो कारून टाका. माजे नावान काय करू नका. मना नको.”

हे सगळं तो ‘हाय’ आणि ‘नाय’मध्येच बोलला. आवाज पुन्हा मैदानावरचा झाला होता.

काहींनी फोटो काढून टाकले. काही चिडले, आम्ही तुमच्याच बाजूनं भांडतोय आणि तुम्ही आम्हालाच शिकवता? ग्रुप चालवणाऱ्यांनी तो विषय बंद केला. दोन दिवसांत सगळे नव्या भांडणात गुंतले. मोबाईलवर टाकलेला फासा खरा की खोटा, असा काहीतरी वाद होता.

मिथुननं मात्र शिवतेजला मेसेज पाठवला, रविवारी दुपारी ये. खाली पत्ता. उत्तर आलं नाही. आम्ही म्हटलं, कशाला येईल तो? मिथुन म्हणाला, “नाय आला तर नाय आला. गेट उघरा हाय.”

काही रविवार गेले आणि एका दुपारी गोजरामावशी एका सडपातळ, चष्मेवाल्या तरुणाला घेऊन जिना चढून आल्या. “ह्यो खाली कवाचा उभा हाय. मी बोलली खोली पायजे काय, तर नाय बोलतंय. तुमचाच दिसतंय.”

शिवतेजच्या पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक होती. तो दारातच थांबला. “सर, मी जे लिहिलं होतं त्याबद्दल...”

“सर नको. पानी पी पहिला.”

तो पाणी प्यायला. “मी असं लिहायला नको होतं.”

“नियम चुकलेलं, त्या बरोबर लिवलास. मना वाचायला टाइम लागतंय.” मिथुननं त्याच्यासाठी सतरंजी झटकली. “तुजं टेबल कुठं हाय? वाशीला?”

शिवतेजनं पाठीवरची सॅक उतरवून मांडीवर घेतली. मग म्हणाला, “माझं टेबल नाहीये.”

“म्हंजे?”

“मी कधी खेळलो नाहीये, दादा. कॉलेजात होतो तेव्हापासून वाचतोय. सगळी पुस्तकं वाचलीत, लोकांचे व्हिडिओ बघतो. ऑनलाइन दोन-तीनदा ग्रुप जमवला, पण खेळ सुरू व्हायच्या आधीच भांडणं होऊन मोडला. घरी कुणाला सांगणार? ओळखीत कुणी खेळत नाही.”

कुणी हसलं नाही. पोहण्याची सगळी पुस्तकं पाठ, आणि पाण्यात कधी पाय घातलेला नाही. प्रियदर्शिनी त्याच्यावर अजून चिडलेली होती, पण तीच सरकली आणि तिनं त्याला जागा करून दिली.

“सांग,” मिथुन म्हणाला. “तू कोन हायस?”

“ताकद चौदा, चपळाई सोळा, आणि—”

“आकरं नको. नाव सांग.”

शिवतेजला घाम फुटला. त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “शहाजी. मिठाच्या गोणी वाहतो.”

शहाजी हे त्याच्या वडिलांचं नाव होतं. ते त्यानं नंतर सांगितलं, पण त्याच्या आवाजावरून आम्हाला तेव्हाच अंदाज आला होता.

“बरा. गावान बोंब झाली, जिताडा आला. शहाजी काय करतंय?”

“तो... बाजूला उभा राहतो.”

“उभा राव. उभा राहायला फासा नाय लागत.”

त्या दिवशी शहाजी दुपारभर नुसता उभा होता. पुढच्या वेळी त्यानं एका म्हातारीला गोणी उचलून दिली. त्याच्या पुढच्या वेळी तो बोलला. हळूहळू आम्हाला कळलं की शिवतेज विनोदी आहे, आणि भलताच हट्टी. मिथुनच्या शेजारी बसून तो नियम सांगायचा. “दादा, असं नाही चालत. पाण्यात भाला एवढा जात नाही.” मिथुन म्हणायचा, “माजे खाडीन जातंय.” मग दोघांची जुंपायची, आणि भाला कुठंतरी मध्येच पडायचा. मिथुनला आता निम्मेअधिक नियम येतात, आणि त्यातले काही तो मुद्दाम मोडतो, शिवतेजला चिडवायला.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. खेळात मोठं उधाण आलं होतं आणि गावाच्या बांधाला खांड पडली होती. पाणी आत घुसत होतं. उघाडीचं फळकुट, म्हणजे पाणी अडवायचा लाकडी दरवाजा, कुणीतरी खांद्यानं लावून धरायला हवं होतं, म्हणजे गावातले लोक टेकडीवर पोचतील. शहाजी पुढं झाला. शिवतेजनं फासा टाकला. फासा भिंतीपर्यंत गडगडत गेला आणि थांबला. सगळ्यात वाईट आकडा होता.

मिथुननं फासा उचलून शिवतेजपुढं ठेवला. मग म्हणाला, “जाऊ दे. परत टाक.”

“नाही, दादा.”

“आरं, मी गेममास्तर हाय. मी बोलताव ना परत टाक.”

“नियम आहे, दादा. लोक टेकडीवर पोचले, पण शहाजी गेला.” एवढं बोलला आणि शिवतेज रडायला लागला. चष्मा काढून, बाहीला डोळे पुसत, लहान मुलासारखा. मनस्वी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. मलाही आवरेना.

रडणं ऐकून गोजरामावशी वर आल्या. “काय झाला? कोन गेला?”

“शहाजी,” प्रियदर्शिनी म्हणाली.

मावशींनी दाराची चौकट धरली. शिवतेजच्या वडिलांचं नाव त्यांना माहीत होतं. “देवा! तुजा बापूस?”

“नाही, नाही मावशी! बाबा घरी आहेत. हा खेळातला शहाजी.”

“मेल्यांनो,” त्या मटकन खाली बसल्या, “माजा जीव घेताव काय?” थोडा वेळ त्या पदरानं वारा घेत राहिल्या. मग शिवतेजकडे वळल्या. “कसा गेला पन?”

शिवतेजनं चष्मा लावला आणि सांगायला लागला. आधी बसून, मग उभा राहून. उधाण कसं आलं, बांध कसा फुटला, लोक पोरं खांद्यावर घेऊन कसे पळाले, आणि एक हमाल उघाडीला खांदा लावून कसा उभा राहिला. पाणी गुडघ्याला आलं, छातीला आलं, आणि त्यानं मागं वळून पाहिलं, सगळे वर गेले का म्हणून. मिथुन भिंतीला टेकून ऐकत होता. एकदाही मध्ये बोलला नाही.

गोजरामावशींनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचं बालपण मिठागरांच्या काठावर गेलेलं, बांध फुटलेला त्यांनी पाहिला होता.

“गाव वाचला ना पन?” त्यांनी विचारलं.

“वाचला.”

“मंग त्याचे नावाचा घाट बांधा तिकरं. असाच नका सोरू त्याला.” त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “आनि चला खाली, कालवण झालाय.”

शिवतेजनं मिथुनकडे पाहिलं. मिथुन म्हणाला, “आये बोलली म्हंजे घाट होनार,” आणि आम्ही सगळे जेवायला खाली उतरलो.